पहिल्या जेट विमानांचा डिसेंबर

१९६१ साली सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा नकाशावर नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी बाणकोटपासून तेरेखोलपर्यंतचा किनारा आणि त्यामागची सह्याद्रीची उतरण हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचा. सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ले, दोडामार्ग या गावांचे सरकारदरबारचे काम रत्नागिरीला जायचे. म्हणजे पोर्तुगीज गोव्याची उत्तर सीमा हीच रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण हद्द होती.

या हद्दीवरून गोवामुक्तीची हकिगत सांगताना सत्याग्रही येतात, लाठ्या-गोळ्या येतात, दोडामार्गहून आत शिरलेले पॅरा ब्रिगेडचे जवान येतात. आकाशात काय घडले ते मात्र दोन ओळींत आटोपले जाते. वास्तविक १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत भारतीय हवाई दलाने आपल्या सुरुवातीच्या जेट विमानांपैकी पाच जाती एकाच मोहिमेत वापरल्या: व्हँपायर, तुफानी, मिस्टेअर, हंटर आणि कॅनबेरा. मिग-२१ हवाई दलात यायला अजून वेळ होता. ध्वनीच्या वेगाच्या आतबाहेर घोटाळणाऱ्या पहिल्या जेटपिढीची ही अखेरची एकत्र कामगिरी म्हणता येईल, आणि तिचा मोठा भाग कोकण-गोव्याच्या आकाशात पार पडला.

आज या पाचांपैकी एकही विमान भारतीय हवाई दलाच्या सेवेत नाही. काही दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहेत, काही गावोगावच्या चौथऱ्यांवर. ती कशी दिसत होती हे तिथे कळते. ती कशी उडत होती, तशीच का बनवली गेली, हे मात्र कळत नाही. ते कळायचे असेल तर ती पुन्हा बनवून उडवावी लागतात. रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांचा छंद हे काम कितीतरी वर्षे करत आला आहे.

लाकडी नाकाचे जेट

जेट इंजिनावर विमान पहिल्यांदा उडाले ते २७ ऑगस्ट १९३९ रोजी, जर्मनीत. ते हाइन्केलचे विमान होते. ब्रिटनमध्ये फ्रँक व्हिटलच्या इंजिनावर ग्लॉस्टर कंपनीचे विमान मे १९४१ मध्ये उडाले. त्यानंतर २० सप्टेंबर १९४३ रोजी हॅटफील्डच्या धावपट्टीवरून डी हॅविलँड कंपनीचे व्हँपायर आकाशात गेले. पुढे पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, पहिली व्हँपायर भारतात पोचली आणि हवाई दलाच्या ७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली. स्वतंत्र होऊन सव्वा वर्ष झालेला देश जेटयुगात आला.

व्हँपायर जरा जवळून पाहू. वैमानिक बसतो तो अंडाकृती पुढचा भाग धातूचा नाही, लाकडाचा आहे. बाहेरून प्लायवूड, आतून प्लायवूड आणि मधे बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचा गाभा, असा थरावर थर साच्यावर चिकटवून तो घडवलेला असे. युद्धकाळात याच कंपनीने मॉस्किटो हे विमान असेच लाकडात बांधले होते. कारागीर तयार होते, साचे बसवायची सवय होती, आणि ॲल्युमिनियमची मागणी सगळीकडून होती. म्हणून जेट इंजिनासारखी नवी गोष्ट लाकडाच्या घरट्यात बसली.

शेपटीची गोष्ट त्याहून रंजक आहे. व्हँपायरचे धड मागे लांबत जात नाही. इंजिनाच्या मागे ते तिथेच संपते, आणि शेपूट दोन्ही पंखांतून मागे गेलेल्या दोन दांड्यांवर बसते. हे शोभेसाठी नव्हते. सुरुवातीच्या जेट इंजिनांची ताकद बेताची होती. तापलेला वायू लांब नळीतून मागे न्यायचा तर वाटेतच जोर कमी व्हायचा. नळी आखूड ठेवायची तर शेपूट वायूच्या वाटेतून बाजूला काढणे भाग होते. व्हँपायरचा तो ओळखू येणारा आकार या एका अडचणीतून जन्मला.

पुढे व्हँपायरची बांधणी बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारखान्यात होऊ लागली. हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये सुरू केला होता. तिथल्या संशोधन-आराखडा विभागाला आकार देणारे डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज भागातले. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. हवेच्या प्रवाहाचे शास्त्र ज्यांनी उभे केले त्यांच्यात प्रांटल यांचे नाव पहिल्या रांगेत येते. घाटगे यांच्या आराखड्यावरचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. जेट उडवायला निघालेल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्यांनी आकाशातले पहिले धडे त्या पंख्याच्या विमानात गिरवले. पुढे सप्टेंबर १९६४ मध्ये उडालेल्या किरण या जेट प्रशिक्षण विमानामागेही घाटगेच होते.

विमानांची खरेदी भराभर होत गेली, त्याला शेजारचे कारण होते. १९५४ च्या करारानंतर पाकिस्तानला अमेरिकेकडून सेबर जेट मिळू लागली. भारताने त्याआधीच, १९५३ मध्ये, फ्रान्सच्या दासो कंपनीचे सरळ पंखांचे विमान घेतले होते. आपल्याकडे ते तुफानी झाले. १९५७ पासून त्याच कंपनीचे मागे वळलेल्या पंखांचे मिस्टेअर आले. ब्रिटनकडून हंटर ही लढाऊ आणि कॅनबेरा ही बाँबफेकी जेट घेतली गेली. अवघ्या दशकभरात हवाई दलाचा नूर पालटला.

आंबोलीच्या रानातला आवाज

हद्दीवरचे वातावरण १९५५ मध्ये तापले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींच्या तुकड्या सीमा ओलांडून गोव्यात गेल्या. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला आणि इतर वाटांवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. भारताने गोव्याची नाकेबंदी केली. नोव्हेंबर १९५५ मध्ये आंबोलीच्या रानातून एक गुप्त रेडिओ केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघे ते चालवत. पोर्तुगीज आणि कोकणी अशा दोन्ही भाषांतून गोव्यातल्या लोकांना बाहेरच्या जगाच्या बातम्या कळत. पोर्तुगीज सरकारच्या प्रचाराला रोजच्या रोज उत्तर जाई. पुढे हे केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला गेले आणि मुक्तीच्या दिवसापर्यंत चालू राहिले. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घाटमाथ्यावरून सहा वर्षांची ही लढाई सुरू झाली, याची नोंद जिल्ह्याने अभिमानाने ठेवावी अशी आहे.

याच काळात पोर्तुगीजांचे स्वतःचे बिनतारी केंद्र पणजीजवळ बांबोळीच्या पठारावर उभे होते. गोवा आणि लिस्बन यांच्यामधला धागा तिथून जात होता. १९६१ च्या डिसेंबरात हवाई दलाच्या यादीत या केंद्राचे नाव लिहिले गेले.

अठरा डिसेंबर

मोहिमेची हवाई आघाडी एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. विमाने पुण्याला आणि बेळगावच्या सांबरा तळावर जमवली होती. कामे नेमकी आखलेली होती. दाबोळीची धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाची इमारत आणि इतर सोयी शाबूत ठेवायच्या. बांबोळीचे बिनतारी केंद्र गप्प करायचे. दमण आणि दीवच्या धावपट्ट्या शत्रूला वापरू द्यायच्या नाहीत. आणि जमिनीवरून पुढे सरकणाऱ्या सैन्याला गरज पडेल तिथे आधार द्यायचा. पोर्तुगीजांकडे गोव्यात लढाऊ विमाने नव्हती. म्हणून या मोहिमेची कसोटी हवाई लढाईत नव्हती, संयम आणि अचूकतेत होती.

१८ डिसेंबरच्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा दाबोळीवर आल्या. त्यांनी ६३,००० पौंड, म्हणजे साधारण २८ टन बाँब धावपट्टीवर टाकले. मागोमाग विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्याबरोबर आठ कॅनबेरांची दुसरी फेरी आली. इमारत तशीच राहिली. धावपट्टीच्या कडेला उभी असलेली दोन प्रवासी विमानेही वाचली. विमानतळावरच्या लोकांनी घाईघाईने खड्डे बुजवले आणि त्याच रात्री ती विमाने काही अधिकारी व त्यांच्या कुटुंबांना घेऊन निसटली. लष्करी हिशेबाने ही उणीव होती. पण उद्या जे शहर आपले होणार आहे, त्याचा विमानतळ मोडायचा नाही, ही शिस्त त्या वीस विमानांनी पाळली. पुढे तीच दाबोळी नौदलाचा तळ आणि गोव्याचा विमानतळ झाली.

तिसरी फेरी हंटरची होती. स्क्वाड्रन लीडर जयवंत सिंग यांच्या सहा हंटरनी बांबोळीच्या केंद्रावर रॉकेट आणि तोफांचा मारा केला आणि ते केंद्र बंद पाडले. आंबोलीहून सुरू झालेला आवाज चालू होता, बांबोळीचा थांबला.

व्हँपायरचे काम वेगळे होते. ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची व्हँपायर सीमाभागावर गस्त घालत होती. खालून दोडामार्गच्या वाटेने ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड गोव्यात शिरली होती. सैन्य इतक्या वेगाने पुढे गेले की व्हँपायरना मदतीची हाक आलीच नाही. उलट एका गडबडीत दोन व्हँपायरनी आपल्याच २ शीख लाइट इन्फंट्रीच्या जागेवर रॉकेट सोडली आणि दोन जवान जखमी झाले. वेगवान जेटमधून झाडीतले सैन्य ओळखणे किती कठीण असते, याची ती किंमत होती. आकाश आणि जमीन यांच्यातला संपर्क रेडिओवरच अवलंबून असतो, हा धडा त्या पिढीने तिथे घेतला.

उत्तरेकडे दमणला मिस्टेअरनी पोर्तुगीज तोफांच्या जागांवर उड्डाणे केली, दीववर तुफानी गेल्या. समुद्रात विक्रांत ही विमानवाहू नौका दूरवर पहारा देत होती. १९ डिसेंबरला पॅरा ब्रिगेड पणजीत पोचली आणि संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्वा यांनी शरणागती पत्करली. वामन आणि लिबिया यांनी त्यानंतर विमानातून गोव्यावर फिरत ध्वनिक्षेपकावरून मुक्तीची बातमी लोकांना ऐकवली.

पिढी संपली

यानंतर ही विमाने पटापट मागे पडत गेली. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे रोखायला व्हँपायर पाठवली गेली. ती ४५ स्क्वाड्रनचीच होती. चार व्हँपायर त्या संध्याकाळी परतल्या नाहीत. सेबरपुढे १९४३ च्या आराखड्याचा टिकाव लागणार नव्हता. व्हँपायर आणि तुफानी लगेच आघाडीवरून मागे घेण्यात आल्या. त्या वैमानिकांनी जुन्या विमानात बसून जाणीवपूर्वक घेतलेला धोका विसरता कामा नये. हंटर जास्त काळ टिकले. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळूत रणगाड्यांची वाट अडवली ती हंटरनी. कॅनबेरा तर पन्नास वर्षे टिकली आणि मे २००७ मध्ये निवृत्त झाली. ४५ स्क्वाड्रनला पुढे नवे आयुष्य मिळाले. २०१६ मध्ये देशी बनावटीच्या तेजस विमानांचे पहिले स्क्वाड्रन म्हणून ते पुन्हा उभे राहिले.

रेडिओवरची विमाने

या विमानांची छोटी रूपे उडवायची धडपड विमानांइतकीच जुनी आहे. रेडिओवर मॉडेल विमान चालवून दाखवणाऱ्या पहिल्यांमध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड हे अमेरिकन भाऊ येतात. १९३७ मध्ये त्यांनी उडवलेले विमान आता वॉशिंग्टनच्या हवाई-अवकाश संग्रहालयात आहे. तेव्हाच्या यंत्रांत एकच इशारा जायचा. तो मिळाला की पिळलेल्या रबराच्या जोरावर शेपटीचे सुकाणू एका बाजूला सरकायचे, एवढेच. हाताची काडी जितकी हलेल तितकेच विमानाचे सुकाणू हलावे, ही सोय १९६० च्या दशकात रुळली. २.४ गिगाहर्ट्झचे संच आल्यावर एकाच वाहिनीवर दोघांचे ट्रान्समीटर चालू होऊन विमान कोसळण्याची भीती गेली.

जेटचे मॉडेल हा प्रश्न आणखी अवघड. नाकावर पंखा लावला की जेटचे रूप गेले. १९४८ मध्ये, म्हणजे व्हँपायर भारतात आली त्याच वर्षी, ब्रिटनमध्ये जेटेक्स नावाची लहानशी रॉकेट मोटर बाजारात आली आणि पोरे बाल्साची जेट उडवू लागली. नंतर नळीच्या आत फिरणारा पंखा, म्हणजे डक्टेड फॅन, आला. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये जेराल्ड जॅकमन यांनी खऱ्या टर्बाइनवर मॉडेल उडवले. जर्मनीत कुर्ट श्रेकलिंग यांनी प्लायवूडची कॉम्प्रेसर चकती वापरून घरच्या घरी बनवता येईल असे टर्बाइन सिद्ध केले आणि त्याची कृती सगळ्यांना खुली केली. आता ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरीमुळे विजेचा डक्टेड फॅन कॉलेजच्या विद्यार्थ्यालाही वापरता येतो.

मॉडेल बांधायला बसले की इतिहास हाताशी येतो. व्हँपायर १/१० मापाने केली तर पंखांची लांबी सव्वा मीटरच्या आत येते. बाल्सा आणि प्लायवूड घेऊन तिचे नाक घडवताना आपण मूळ कारखान्यातल्या कारागिराचेच साहित्य हाताळत असतो. आत पंखा बसवला की कळते, मागची नळी आखूड ठेवली तर जोर टिकतो, लांब केली तर घटतो. १९४३ चा निर्णय का घेतला गेला, ते पुस्तक न उघडता समजते. हंटरमध्ये हवा पंखांच्या मुळातून आत जाते आणि शेपटीच्या टोकाशी बाहेर पडते. त्या लांब वाटेत ताकद जाते, म्हणून हंटरचे मॉडेल व्हँपायरपेक्षा अवघड. शिवाय मागे वळलेला पंख हळू वेगात आधी टोकाशी उचल सोडतो आणि विमान एका अंगावर कलंडते. हंटरच्या पंखाच्या पुढच्या कडेला बाहेरच्या बाजूला जो खाचेसारखा दात दिसतो, तो पंखाच्या टोकांवरची हवा सांभाळण्यासाठीच आला. तुफानी आणि कॅनबेराचे पंख सरळ किंवा रुंद, म्हणून ती नवशिक्याच्या हातात जास्त दयाळू.

मापाचे गणितही शिकवणारे आहे. विमान दहापट लहान केले की पंखाचे क्षेत्रफळ शंभरपट घटते, आकारमान हजारपट. त्यामुळे मॉडेल हलके पडते आणि संथ उडते. हवा मात्र लहान होत नाही. म्हणून पंखाचा छेद थोडा बदलावा लागतो, आणि तो किती बदलायचा या प्रश्नातच प्रांटल आणि घाटगे यांच्या विद्येची दारे उघडतात.

हे काम कोकणात करण्यासारखे आहे. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची परंपरा आहे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडावर रंग चढवून केलेली तिथली फळे घरोघर गेली आहेत. हलके लाकूड ओळखणारे, पातळ कापणारे, नीट घासणारे हात इथे आहेत. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात, नौदल शाखेत जहाजांची मॉडेल होतात, आणि रत्नागिरीत एनसीसीचे नौदल युनिट आहे. कातळाचा सडा छोट्या चाकांना खडबडीत पडतो, पण भातकापणी झालेले मळे डिसेंबरात मोकळे असतात. हाताने सोडलेले विमान तिथे पोटावर उतरू शकते. नियमही आता स्पष्ट आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन वा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचे विमान मॉडेल म्हणून वेगळे धरले आहे. विमानतळाच्या आसपास बंधने असतात, म्हणून जागा निवडण्याआधी सरकारी नकाशा पाहणे आवश्यक.

दरवर्षी १९ डिसेंबरला गोवामुक्तीची भाषणे होतात. त्या दिवशी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या एखाद्या शाळेने किंवा कॉलेजने स्वतः बांधलेली व्हँपायर, तुफानी, मिस्टेअर, हंटर आणि कॅनबेरा उडवून दाखवावीत. आंबोलीच्या रेडिओची, दोडामार्गच्या वाटेची, बांबोळीच्या केंद्राची आणि छांबला न परतलेल्या चार व्हँपायरची हकिगत त्यांच्यासोबत सांगावी. ज्या मुलाने नळी आखूड का ठेवायची हे स्वतः शोधले, त्याला त्या पिढीच्या अडचणी, धाडस आणि चुका पाठ करून घ्याव्या लागणार नाहीत. आपल्या जिल्ह्याचा हा इतिहास जपण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी दिसत नाही, आणि त्यासाठी लागणारे लाकूड, हात आणि मोकळे मळे आपल्याकडे आहेत.